मिशीला अस्तर

शिंप्याचं दुकान आणि न्हाव्याचं दुकान अगदी समोरासमोर होती, आणि गेली अकरा वर्षं न्हाव्याचा डोळा शिंप्याच्या मिशीवर होता. मिशी होतीच तशी. जाड, काळीभोर, टोकांना पीळ दिलेली. बाकीचा चेहरा देवाने घाईघाईत उरकला होता, त्यामुळे बिचाऱ्याची सगळी भिस्त तिच्यावरच.

सुट्टीच्या दुपारी दोघं न्हाव्याच्या बाकावर बुद्धिबळाचा पट मांडत आणि शिंपी न चुकता हरत असे. गेल्या खेपेला हरल्यावर तो तावातावाने बोलून गेला, "पुढचा डाव हरलो तर मिशी उतरवीन!"

"आणि जिंकलास तर मी जन्मात तिचं नाव काढणार नाही," न्हावी म्हणाला आणि वस्तऱ्याला धार लावायला बसला.

ही बातमी शिंप्याच्या आत्याला कळली. आत्याने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. माप द्यायला म्हणून ती दुकानात आली ती पट काखोटीला मारूनच.

"मिशीशिवाय तू हुबेहूब माझ्यासारखा दिसतोस," ती म्हणाली. "माझं तोंड रस्ताभर मिरवायचं नाही. बस खाली. तो सुरुवात कशी करतो?"

"वजिरापुढचं प्यादं दोन घरं. मीही तेच. मग तो शेजारचं, उंटापुढचं प्यादं फुकट पुढे करतो."

"आणि तू खातोस."

"समोर आलेलं सोडायचं?"

"मग ते राखायला निम्मी फौज जुंपतोस आणि पटाचा मध्य तो घेतो. आमिष असतं ते, गाढवा!" आत्याने उंटापुढचं काळं प्यादं एकच घर सरकवलं.

"एवढंच? हे तर भित्र्याचं काम."

"कोटाच्या कापडामागे काय लावतोस?"

"अस्तर."

"मग हे अस्तर. पुढचं प्यादं मारलं गेलं तर हे त्याची जागा घेईल. आणि उंट आधी बाहेर काढ, मग राजापुढचं प्यादं हलव. नाहीतर उंट आतच अडकेल. शिवण मारल्यावर आत कात्री राहिली तर?"

शिंप्याने मान खाली घातली. अशी एक कात्री एका गिऱ्हाइकाच्या कोटात अजून होती.

ठरल्या दिवशी न्हाव्याने आमिष पुढे केलं. शिंप्याचा हात सवयीने शिवशिवला, पण त्याने अस्तर लावलं. न्हाव्याच्या भुवया वर गेल्या. त्याने कापड फाडलं, अस्तर पुढे आलं. उंट वेळेवर बाहेर पडला. न्हावी कुठूनही घुसायला गेला की समोर भिंत! तीन तासांनी पटावर दोन राजे आणि एकमेकांना अडवून बसलेली प्यादी उरली. डाव बरोबरीत सुटला.

शिंपी आनंदाने उठणार, तोच न्हावी म्हणाला, "बरोबरी म्हणजे दोघं निम्मे जिंकलो. माझ्या वाट्याची निम्मी मिशी दे."

शिंप्याने तळहाताने मिशी झाकली.

"मी काही कसाई नाही," न्हावी गोड आवाजात म्हणाला. "हवं तर सोडतो. लगेच दुसरा डाव मांडू, पूर्ण मिशीवर. या वेळी पांढरी तुझी."

शिंप्याच्या तोंडाशी 'हो' आलं होतं. पांढऱ्या सोंगट्यांनी कसं खेळायचं हे आत्याने शिकवलंच नव्हतं. फुकट मिळणारं ते प्यादं त्याला आठवलं. तो निमूट खुर्चीत जाऊन बसला आणि मान मागे टाकली.

"काप. डावी बाजू काप."

"खरंच?"

"अगदी. माझं मशीन खिडकीत, तुझ्या दाराच्या बरोब्बर समोर. येणारा-जाणारा विचारेलच ना, ही कोणाची करामत? मी बोट दाखवीन. महिनाभर."

वस्तरा हवेत थांबला. न्हाव्याने दाराबाहेर पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, परत मिशीकडे पाहिलं. कुठूनही घुसायला वाट नव्हती. त्याने वस्तरा मिटला, मुकाट्याने कंगवा घेतला आणि दोन्ही बाजूंना सारखा पीळ दिला. वर थोडं तेलही लावलं.

समोर शिंप्याच्या दारात आत्या उभी होती. भाच्याला मिशीसकट रस्ता ओलांडताना पाहून तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि स्वतःच्याच वरच्या ओठावरून हात फिरवला.