न्नालोंगोचं खाटेखालचं गाठोडं

धाकट्या सुनेचं वागणं न्नालोंगोला पटत नव्हतं, आणि न पटलेली गोष्ट पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. महिनाभर हेच चाललं होतं. दुपारची जेवणं झाली की अतीम खोलीचं दार लावून घेई, आतून कात्रीचा आवाज येई, आणि विचारलं तर म्हणे, "काही नाही."

"सासू घरात असताना दार लावतात ते दोघंच," न्नालोंगो थोरल्या सुनेला म्हणाली, "चोर आणि नवी नवरी. हिला येऊन चार वर्षं झाली, म्हणजे नवी काही ही नव्हे."

नाकायिमा कच्ची केळी सोलता सोलता हसली. "तुम्ही तिला भिंतीवरचं चित्र दिलं नाहीत ना, म्हणून रुसली असेल."

हे मात्र लागलं.

न्नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. ते नाव नव्हे, मान होता, आणि तो तिनं चाळीस वर्षं ताठ मानेनं मिरवला होता. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला ती स्वतःच्या हातचं चित्र देई. नवरा मुतुब्याच्या झाडाची साल ठोकून कापड करायचा. त्यावर ती मणी, केळीचं सोपट, कॉफीच्या बिया, चिंध्या, बटणं जोडून त्या मुलीचं माहेर उभं करायची. अतीम आली तेव्हा न्नालोंगोच्या डोळ्यांवर पडदा आला होता. सुईचं नेढं दिसेना. पण "मला दिसत नाही" हे तिनं देवालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "उत्तरेकडच्यांचं घर कसं असतं मला काय ठाऊक?" अतीम तेव्हा दाराशीच उभी होती.

त्याच अतीमनं मागल्या महिन्यात गुडघे टेकून विचारलं होतं, "न्नालोंगो, सालीच्या कापडाचा तुकडा मिळेल?"

"खाटेखाली गाठोडं आहे. घे काय हवं ते."

तुकड्यांचं गाठोडं खाटेखाली होतं खरं. पण त्याच्या शेजारी आणखी एक होतं.

ईस्टरच्या रविवारी जुळे मुलगे घरी आले, नाकायिमाचा वास्वा आणि अतीमचा काटो. फणसाखाली चटया पडल्या. जेवणं झाल्यावर अतीम पुढं आली, गुडघे टेकले आणि सासूच्या मांडीवर एक घडी ठेवली.

"तुमच्यासाठी. मी केलंय."

न्नालोंगोनं घडी उलगडून हात फिरवला. कॉफीच्या बिया, म्हणजे अंगण. सोपट, म्हणजे केळीची बाग. दोन पितळी बटणं शेजारी शेजारी. ही तिची जुळी, बापाच्या जुन्या कोटाची. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. मग बोट मोकळ्या कापडावर गेलं आणि तिथंच थांबलं.

बारीक रेघा, आणि दर चार रेघांनंतर एक फट.

नवऱ्याच्या साल ठोकायच्या खाचांच्या मोगरीची एक धार तुटलेली होती, तिची फट कापडावर उमटायची. नवी करा, नवी करा म्हणून ती वीस वर्षं त्याच्या मागं लागली होती. जाण्याआधी शेवटचं कापड त्यानं त्याच मोगरीनं ठोकलं आणि तिच्या हातात दिलं. "हे तुझं. मातीत जाशील तेव्हा अंगावर माझाच हात असू दे."

नाकायिमाचंही लक्ष गेलं. "अगं बाई, हे तर सासूबाईंच्या मातीसाठी ठेवलेलं कापड. हे कापलंस?"

"अतीम, काय केलंस हे?" काटोचा आवाज चढला.

अतीमचा चेहरा उतरला. "कंपालाच्या दुकानात याच्या पिशव्या विकतात. मला वाटलं, तसलंच… त्यांनीच सांगितलं, गाठोड्यातून घे."

न्नालोंगोनं कापलेली कड बोटांनी चाचपली. आता आईचं तोंड सुटणार म्हणून वास्वा उठून उभाच राहिला.

"किती कापलंस?" तिनं विचारलं.

"पायाकडून. दीड हात."

"आणि हे सगळं असं फुगवून का शिवलंस? आमच्यात चपटं शिवतात."

अतीम पुढं वाकली आणि एकाच कानाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "तुम्हाला बोटांनी बघता यावं म्हणून. घेवडा तुम्ही बोटांनीच निवडता. मी कुणाला सांगितलेलं नाही."

फणसाखाली सगळे वाट पाहत होते. न्नालोंगोची बोटं पुन्हा कापडावरून निघाली. अंगण, बाग, दार. दाराशी काहीतरी उभं होतं.

"ही शेळी का?"

"हो."

"पाच पाय आहेत."

"पाचवं शेपूट आहे."

काटोला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. न्नालोंगोनं कापडाची नीट घडी केली आणि अतीमच्या हातात परत दिली. हात मात्र सोडला नाही.

"दार वाकडं, शेळी वाकडी, आणि टाके कोंबडीनं उकरल्यासारखे. उद्यापासून दार लावून बसायचं नाही. माझ्यापाशी बसून हा तुकडा होता तिथंच परत जोडायचा. तूच जोडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जोडता जोडता तुझ्या आईचं घर कसं आहे ते मला सांग. आणि माझी वेळ येईल तेव्हा चित्राची बाजू आत कर. आलेल्या लोकांनी बघायला नाही ते. मला बघायचंय."