कंट्रोलर आप्पांची रंगीत तालीम

शिरूर अनंतपाळच्या चंद्रप्पांनी एसटीत चौतीस वर्षं कंट्रोलरकी केली. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी ती काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. घरात चहा सात वाजून दहा मिनिटांनीच व्हायचा. पाहुणे निघायच्या अर्धा तास आधी त्यांच्या पिशव्या दारात येऊन बसायच्या. असा माणूस आपलं शेवटचं जाणं वाऱ्यावर कसं सोडेल?

तर त्यांनी ठरवलं होतं की, आपण गेल्यावर देह लातूरच्या मेडिकल कॉलेजला द्यायचा. हे खूळ नातीमुळं डोक्यात शिरलं. मंजुश्री नांदेडला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. सुट्टीत आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, एका टेबलाभोवती आम्ही वीस-पंचवीस जण, मागच्यांना नुसती टाच दिसते. आप्पांना ते फार लागलं. गाडीत जागा नाही म्हणून पोरं स्टँडवर राहिली की त्यांना असंच लागायचं. नांदेड मात्र नको म्हणाले. नातीच्या हातात आपल्यासाठी सुरी नको.

फॉर्म आला. आप्पांनी सही ठोकली, मुलानं, अमरेशनं, साक्षीदार म्हणून केली. गल्लीतल्या शेषेरावांनीही डोळे झाकून केली. कशावर, ते त्यांनी विचारलंच नाही. राहिली बायकोची, ‘हरकत नाही’ या ओळीसमोर. तिथं जी गाडी अडली ती तीन महिने अडली.

कॉलेजातल्या क्लार्कनं आप्पांना सगळा कायदा समजावून सांगितला होता. इच्छा लिहून ठेवता येते, साक्षीदार लागतात, मरण संशयाचं नको, डॉक्टरचा दाखला हवा, देह सहा तासांत आलेला बरा. आणि इतकं करूनही त्या दिवशी घरच्यांनी नको म्हटलं, तर कॉलेज देह नेत नाही. आप्पांना या शेवटच्या गोष्टीचं भारी नवल वाटलं. जन्मभर घरात आपला शब्द चालला, आणि नेमकं आपल्याच मरणाच्या दिवशी सगळी सत्ता शिवकांताच्या हातात.

शिवकांताबाईंचं म्हणणं सरळ होतं. लिंगायताला मांडी घालून, बसवून मातीत देतात. शेतात विहिरीजवळ, बेलाखाली दोघांची जागा ठरलेली. आप्पांनीच एकदा पावलं टाकून ती मोजून दाखवली होती.

“तुमी कालेजात पडून राहताल,” त्या म्हणाल्या, “आन् मी तिथं एकटीच बसू व्हय?”

बायकोवर त्यांचा फार जीव होता. तिला फसवून सही घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. मग त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं, तालीम घ्यायची ठरवली. सगळं कसं वेळेत आणि मानानं होतं हे डोळ्यांनी दिसलं म्हणजे ही विरघळेल, असा त्यांचा अंदाज.

रविवारी सकाळी अकराला आप्पा माजघरात सतरंजीवर आडवे झाले, घड्याळ बघितलं, “मी गेलो,” म्हणाले आणि डोळे मिटले. अमरेश गाडी आणायला पळाला. घरात रेंज नव्हती म्हणून कॉलेजला कळवायची तालीम करायला मंजुश्री फोन घेऊन गच्चीवर गेली. शिवकांताबाई उशाशी बसून तांदूळ निवडत होत्या. असल्या खेळासाठी त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

चूक एकच झाली. शेजारच्या साखराबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या ताक मागायला आल्या, आप्पांना पडलेलं बघितलं आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की दोन गल्ल्या गोळा झाल्या. माझ्या बाळंतपणाला तुम्ही निलंग्याची गाडी वीस मिनिटं थांबवली हो, म्हणून त्या रडू लागल्या. ते ऐकून आप्पांना इतकं बरं वाटलं की डोळे उघडायचं जिवावर आलं. शिवाय तालमीतून मधेच उठायचं म्हणजे शिस्त कुठं राहिली?

तेवढ्यात शेषेराव पुढं झाले. गावात कुणी लिंगैक्य झालं की बसवायचं काम त्यांचंच. अंग अजून ऊन आहे, आखडायच्या आत बसवा, म्हणाले. भिंतीला पाट लावा, विभूती आणा. शिवकांताबाईंना कुणी काही विचारलं नाही. रीतीच्या गोष्टीत विचारायचं काय? तेव्हा आप्पांच्या लक्षात आलं की खऱ्या दिवशीही असंच होणार. मुलगा गाडीच्या मागं, नात फोनवर, आणि आपण भिंतीला टेकून मांडी घातलेले. एकदा बसवलेल्याला पुन्हा कोण झोपवतं? हे थांबवू शकेल असं घरात एकच माणूस होतं, आणि ते तांदूळ निवडत होतं.

सुपाचा आवाज थांबलेला आप्पांना कळला.

चौघांनी त्यांना उठवून बसवलं. डावा पाय दुमडला. मग शेषेरावांनी उजव्याला हात घातला. हा गुडघा अकरा वर्षांपासून दुमडत नव्हता. शिवकांताबाई रोज त्याला तिळाचं कोमट तेल चोळायच्या, तेव्हा कुठं आप्पांना झोप लागायची. शेषेरावांनी जोर लावला. आप्पांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी त्यांनी दातावर दात ठेवून सोसलं. नुसती एक भुवई हलली.

सूप खाली पडलं. तांदूळ घरभर झाले.

“त्यो गुडघा दुमडत न्हाई त्यांचा,” शिवकांताबाई म्हणाल्या. “सोडा. आडवं ठेवा त्यांला. कालेजात बसवत न्हाईत.”

शेषेराव चाचरत म्हणाले, वहिनी, रीत आहे.

“रीत मला बी ठाव हाय. मी बायको हाय त्यांची, मी सांगायलेय. आडवं ठेवा.”

आप्पांच्या मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मेलेला माणूस रडतोय बघून साखराबाईंचं रडणं जागच्या जागी बंद झालं. आप्पांनी डोळे उघडले तेव्हा शेषेरावांनी आधी हात जोडले आणि मग मनसोक्त शिव्या दिल्या. माजघर हसून हसून लोटपोट झालं. अमरेश गाडी घेऊन आला, तर आप्पा सगळ्यांबरोबर चहा पीत होते. एकोणीस मिनिटं लागली, म्हणाले, पंधरात आली पाहिजे.

माणसं पांगल्यावर शिवकांताबाईंनी फॉर्म मागितला. एकेक अक्षर जोडत सही केली. मी बसेन एकटी, म्हणाल्या, त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग तेवढं माझ्या शेजारी ठेवा. आप्पा मान डोलावत नुसतं ‘हाव’ म्हणाले.

मग शिवकांताबाईंनी सहीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“मंजू, हितं लिही. उजवा गुडघा दुखतो. पोरांनी जपून हात लावावा.”

मंजुश्री आजीला हळूच म्हणाली की अव्वा, तेव्हा काही दुखत नसतं.

“तुला काय म्हाईत? मी चोळायलेय अकरा वर्सं. लिही.”

मंजुश्रीनं पेन उचललं आणि तिच्या सगळ्यात चांगल्या अक्षरात ते लिहिलं.