एका आकड्यापुरता पेन

मी जांभळ्या शाईचा पेन बोलतोय, बाबांनो. राष्ट्रपती निवडायच्या मताचा. दुकानात मी मिळायचा नाही. अंगावर नंबर टाकून मला सीलबंद पुडक्यातून हैदराबादेच्या विधानसभेत आणलं. सारं आयुष्य एका दिवसाचं, आणि काम आकडा काढण्याएवढं.

दारात आमदारांचे पेन अन् फोन काढून घेत होते. पेन गेला तरी माणूस खिसा चाचपतच राहतो, हे मी तिथं पाहिलं.

हिम्मतराव आले. चिक्कडपल्लीत राहणारे म्हातारे आमदार, शाळेचं तोंड न पाहिलेले. मागच्या निवडणुकीत त्यांनी सवयीनं आकड्याखाली सही ठोकली होती. मतावर नाव दिसलं की मत बाद. दिल्लीत मोजणीला ते बाजूला काढलं, आणि कुणाचं ते साऱ्यांना कळलं.

रांगेत मागं शिवराज होते, तेही आमदार. "मामा, इस बार दस्तखत नक्को! दिल्लीवाले ओळखतात तुमची सही."

"हस लेका, हस," हिम्मतराव म्हणाले. पण अधिकारी गीता मॅडमनी मला त्यांच्या हाती दिलं, तेव्हा त्यांनी मला दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

"फक्त ह्याच पेनानं, साहेब. आकडा टाका, बस."

आडोशाला जाऊन त्यांनी सावकाश मराठी १ काढला. कुठल्याही आपल्या भाषेतला चालतो. छान आला. पण हात थांबेना. खाली सरकला, सहीच्या पहिल्या वेलांटीकडं. माझं टोक कागदापासून तांदळाएवढं राहिलं.

तेवढ्यात त्यांच्या अंगठ्याला बांधलेला हळदीचा दोरा माझ्या अंगात रुतला. हिम्मतराव थबकले. मला उचललं. घडी घातलेला गुलाबी कागद पेटीत गेला. आणि सुटल्याच्या भरात ते मला खिशात घालून चालते झाले!

दारात फोन मिळाल्यावर त्यांनी बायकोला लावला. "मनकर्णा, नाही केली गं सही!"

"बघा! चाळिशीत तुमचा अंगठा सोडवून सही मीच शिकवली. आता सही सोडवायला अंगठ्याला दोरा बी मीच बांधायचा. या जेवायला."

हिम्मतराव डोळे पुसत हसले. मागून गीता मॅडम धावत आल्या. "साहेब, पेन!"

आता मी पुन्हा पुडक्यात आहे. शाई पुष्कळ उरलीय, पण लिहायला कोण घेणार? चालतंय. मागणं एकच. कधी काळी पुडकं उघडलंत, तर माझ्या अंगावरचा पिवळा डाग तेवढा पुसू नका.