रंगवलेली सातवी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. बारा पायऱ्यांची. सध्या परसात आडवी पडून असते आणि कुणी जवळ आलं की मला लाज वाटते. का, ते सांगते.

एका सुताराने मला बनवलं आणि एका रंगाऱ्याने विकत घेतलं. तो आणि त्याची बायको मिळून लोकांची घरं रंगवत. भिंती त्याच्या, छतालगतची बारीक रेघ तिची. तिचा हात इतका स्थिर, की बघणारे कामं सोडून बघत राहत.

रंगारी मोठा काटकसरी. डब्याच्या तळाचा रंग खरवडून घ्यायचा, ब्रश धुऊन धुऊन वर्षानुवर्षं वापरायचा. उरलेल्या रंगांतून त्याने लेकीची खोली अशी रंगवली, की शेजारीण म्हणाली, "संसार करावा तर यांच्यासारखा!" मलाही त्याचा फार अभिमान वाटे.

मग माझी सातवी पायरी चिरली.

"नवी बसवून घे रे," सुतार म्हणाला. "अर्ध्या दिवसाची मजुरी, बस!"

"छे! अजून पाच वर्षं हिला काही होत नाही."

रंगाऱ्याने भेगेत लांबीचा लगदा भरला आणि वरून मला निळाशार रंग दिला. गिऱ्हाइकं विचारू लागली, "अरे वा, नवी शिडी?" आणि मी मेली खूश! भेग आत तशीच होती. मला ठाऊक होतं. त्यालाही होतं, म्हणून तर तो चढताना ती पायरी ओलांडून जाई.

एका दुपारी बायको रंगाचा डबा घेऊन चढली. पायरी काडकन तुटली. तिचं उजवं मनगट मोडलं.

रंगारी धावत आला. "अगं, मी तुला सांगणारच होतो..."

ती हात छातीशी धरून फरशीवर बसली होती. म्हणाली, "तुम्ही ती पायरी नेहमी ओलांडायचात. मला वाटलं, तुमची सवयच आहे."

मनगट पुढे जुळलं, पण रेघ आता थरथरते.

मित्रांनो, डबा खरवडताना तो काटकसरी होता, कारण कष्ट त्याच्याच हातांना होते. पायरी राखताना तो कंजूष झाला, कारण पडणार दुसरंच कुणी होतं. पैसे जरूर वाचवा, पण ते कुणाच्या जिवावर वाचतायत, तेवढं बघा.

मला वाचा नव्हती, अशी मी मनाची समजूत घालते. पण मला करकरता तर येत होतं ना? लोक नवी म्हणतात म्हणून मी तेही दाबून धरलं.