चकरेवर थ्येनमा

थान देशनला एकसष्टाव्या वर्षी चकरा येऊ लागल्या, आणि त्या नेमक्या शेजारच्या सुहुआच्या अंगणावरून जाताना यायच्या. सगळ्या गावाला रोग कळला होता, रोग्याला तेवढा कळायचा बाकी होता. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि गालातल्या गालात हसत सांगितलं की अंगात वारा चढलाय, कोंबडीत थ्येनमा शिजवून खा.

यीलियांगच्या डोंगरात देशनने चाळीस वर्षं थ्येनमा लावली होती. ना पान ना मूळ, जमिनीखाली कुजक्या लाकडाच्या बुरशीवर पोसणारं हे ऑर्किड. त्याचा चांगला कंद बाजारात जायचा आणि तुटकाफुटका घरी खायचा, हा सगळ्यांचाच रिवाज. पण या वेळी देशनने ठरवलं, की सगळ्यात मोठे कंद शिजवायचे आणि ते एकट्याने खायचे नाहीत.

कारण सुहुआ जाणार होती. नवऱ्यामागे सहा वर्षं ती एकटीने लाकूड पुरून थ्येनमा लावलेले खड्डे सांभाळत होती, आणि मुलगा तिला कुनमिंगला बोलावत होता. तिने चारचौघींत सांगून टाकलं होतं, "या हिवाळ्यात माझा खड्डा भरलेला निघाला तर राहीन. नाही निघाला तर या मातीला मी नकोय, असं समजून जाईन." मुलगा उद्या गाडी घेऊन येणार होता. तिला जेवायला बोलवायचं आणि कोंबडी खाता खाता 'जाऊ नका' म्हणायचं, एवढंच देशनला करायचं होतं. चाळीस वर्षांत त्याला इतकं अवघड काम पडलं नव्हतं.

परवा तो धुक्यातच डोंगरावर गेला होता. हिवाळ्यात थ्येनमाचं वर काहीच दिसत नाही, सगळे खड्डे पानांखाली सारखेच. आपल्या खड्ड्यासाठी अक्रोडाच्या झाडापासून पन्नास पावलं मोजायची, तीस झाली तेव्हा धुकं जरा विरलं आणि खाली सुहुआच्या चुलीचा धूर दिसला. पुढची पावलं किती झाली, देव जाणे. पण कंद काय निघाले! मुठीएवढे, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा लाल कोंब. देशनने मोठे तेवढे घेतले, बारकी पिल्लं पुन्हा लाकडाला लावून ठेवली आणि माती, पानं अशी नीट पसरली की कुणी हात लावलाय हे कळू नये. हात चांगला बसलेला माणूस असंच करतो.

सुहुआ आली ती निळं जाकीट घालून. देशनला दारातच चक्कर आली. तिने बकव्हीटची भाकरी मोडली, रस्सा भुरकला आणि म्हणाली, "थानभाऊ, तुमच्या हाताला चव आहे." थानभाऊ! सहा वर्षं तो हा शब्द औषधासारखा गिळत आला होता.

"सामान बांधलं," ती मग वाडग्यात बघत म्हणाली. "सकाळी खड्डा उघडला. बोटाएवढी पिल्लं तेवढी. एक मोठा कंद नाही. चेरीचं लाकूड घातलं होतं मी, सगळ्या डोंगरावर कुणी घालत नाही."

देशनने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या टोपलीत, धुवायच्या राहिलेल्या एका कंदाला, चेरीच्या लाकडाची चकचकीत तांबूस साल चिकटली होती. त्याच्या खड्ड्यात चाळीस वर्षं ओकचंच लाकूड होतं.

दुसऱ्याचा खड्डा खणणाऱ्याला या गावात कुणी चहा विचारत नाही, त्याच्या मुलांची लग्नं अडतात. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त उद्या गाडी येणार होती. देशनने वाडगं खाली ठेवलं.

"सुहुआबाई, तुमचा खड्डा भरलेला होता," तो म्हणाला. "तो मी खणला. धुक्यात, माझा समजून. आपण आत्ता खातोय तो तुमचाच माल आहे."

तिने टोपलीकडे पाहिलं. उठून ती साल नखाने सोलली, वास घेतला. देशनने मान खाली घातली. आणि ती हसायला लागली, अशी की भिंतीला टेकावं लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, थांबली आणि त्याचं तोंड बघून पुन्हा सुरू झाली.

"चाळीस वर्षं खड्डे खणलेत, आणि पन्नास पावलं मोजता येईनात? लक्ष कुठे होतं?"

"तुमच्या धुराकडे," देशन म्हणाला. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

सुहुआने डोळे पुसले. तिने वाडगं भरून घेतलं, आपला सगळ्यात मोठा कंद त्याच्या वाडग्यात टाकला आणि बसली.

"मुलाला सांगते, पीक चांगलं आलं," ती म्हणाली. "आणि तुमचा खड्डा अजून तसाच आहे ना, अहो? तो उद्या आपण दोघं खणू. पावलं मी मोजेन."

देशन 'थानभाऊ' या शब्दाची वाट बघत राहिला, तो काही आला नाही. त्याने टेबलाची कड धरली. दोन वाडगी थ्येनमा पोटात गेली होती, आणि चक्कर होती तिथेच होती, उलट वाढली होती.