नऊ इंचांवरचं मेलबर्न

मित्रांनो, जुन्नरच्या अजीज टेलरांच्या गळ्यात आयुष्य काढलेली मी एक म्हातारी टेप आहे. माझ्या अंगावर साठ इंच छापलेत. ओढून ओढून मी आता थोडी जास्तच भरते, पण तक्रार कुणाचीच नाही. माणूसही माझ्यानंच मोजतात आणि कापडही माझ्यानंच. त्यामुळे चूक दोन्हीकडं सारखी होते आणि शर्ट बरोबर बसतो.

जुन्नरची पोटं मी वाढताना पाहिली. मी जवळ आले की लोक श्वास रोखतात. अजीजभाई शांतपणे म्हणतात, "सोडा आता. जेवताना तर सोडालच."

मागच्या वर्षी मात्र मला मोठं काम लागलं. अजीजभाईंची लेक महेक मेलबर्नला असते. तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि तिला अम्मी जवळ हवी होती. व्हिसा आला, तिकीट आलं आणि अम्मी, म्हणजे आमच्या जहाँआराबी, नाही म्हणाल्या. नाणेघाटाच्या कड्यावरसुद्धा त्या नवऱ्याचा शर्ट धरून खाली बघायच्या. बारा तास खाली जमीन नसणार, हे त्यांना पटेना. रात्री पोरीचा फोन आला की त्या बोलायच्या कमी आणि काजं जास्त करायच्या.

शेवटी अजीजभाईंनी समोरच्या कांतीलालशेठच्या कापडदुकानातून शोभेला ठेवलेला पृथ्वीचा गोल आणला. शेठ मागोमाग आले. गोल हळू धरा, समुद्र सांडंल, असं त्यांचं म्हणणं होतं. अजीजभाईंनी माझं टोक मुंबईवर ठेवलं आणि मला मेलबर्नपर्यंत नेलं.

"नऊ इंच."

"म्हंजे हाफ बाही?" जहाँआराबींनी विचारलं. "मग इमानाला बारा तास कशाला लागत्यात? मी तेवढ्यात आठ शर्टांच्या बाह्या लावते."

"नऊ हजार आठशे किलोमीटर हाय, वहिनी," शेठ म्हणाले. ईदच्या आदल्या दिवशी कापड घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं, तसं अजीजभाईंनी त्यांच्याकडं बघितलं. शेठ घाईनं म्हणाले, "पण सगळा उतार हाय. बघा की, खालीच जायचंय."

जहाँआराबींनी गोल दोनदा फिरवला आणि मला नवऱ्याच्या गळ्यातून काढून घेतलं. "ही माझ्यासंगं येईल. मी मोजत जाईन."

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यांनी मला लावलं, चार इंच राहिले होते. जरा वेळानं लावलं, तर सात. त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं, भाऊ, हे मागं चाललंय का? त्यानं समजावलं की पडद्यावरचं चित्र मोठं केलंय, अंतर तेवढंच आहे. "आमच्यात असं केलं तर गिऱ्हाईक शर्ट तोंडावर मारतं," त्या म्हणाल्या, आणि उतरेपर्यंत मला मुठीत आवळून बसल्या.

मुलगी झाली. पहिल्या झबल्याचं माप मीच घेतलं. छाती तेरा इंच. श्वास न रोखणारं माझं पहिलं गिऱ्हाईक.

अजीजभाई रोज व्हिडिओ कॉल करतात. नात बघतात, झबलं बघतात, मग इकडंतिकडं बघत विचारतात, "टेप कधी येणार परत?"

"नवी घेतलीत ना?" जहाँआराबी म्हणतात.

"घेतली. लई खरं बोलती ती."

मित्रांनो, आम्हा टेपांना चुरगाळू नका, उन्हात टाकू नका, सैलसर गुंडाळून ठेवा. आणि तुमच्याही घरातलं कुणी असं रोज टेपची चौकशी करत असेल, तर टेप एकटीच पोस्टानं पाठवू नका.