काळी चार

संघप्रियानं पियानोची काळी चार दाबली, आणि मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपनं ती काळी तीन असल्याचं सांगितलं.

तिनं पुन्हा दाबली. मोबाइल आपल्या म्हणण्यावर ठाम होता. मग तिनं शेजारच्या पट्ट्या दाबल्या, खालच्या सप्तकातल्या दाबल्या, अगदी टोकाची एक दाबून पाहिली. प्रत्येक पट्टी आपल्या जागेपासून एक अख्खा सूर खाली बोलत होती. बेसूर झालेले पियानो तिनं पाहिले होते. त्यात प्रत्येक तार आपल्या मर्जीनं उतरते आणि ऐकणाऱ्याचे दात आंबतात. हा मात्र सगळाच्या सगळा, शिस्तीत खाली आला होता. आपापसात सूर इतके नीट जुळलेले, की मोबाइल नसता तर तिलाही पत्ता लागला नसता. असं आपोआप होत नाही.

शिवाजी पेठेतल्या माडीवर ती वर्ग घ्यायची. पेठेत तिला पियानोवाल्या मॅडम म्हणत, आणि वर्गात होते ते सगळे विजेवर चालणारे कीबोर्ड. हे तिला मनातून खुपायचं. म्हणून तिनं पुठ्ठ्याचा हातोडा नि रबराची तार करून पियानोचं पोट मुलांना समजावलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका कारागिराला तार छेडण्याऐवजी ठोकावी असं का वाटलं असेल, ही गोष्ट ती इतकी रंगवून सांगे, की हातकणंगले-इचलकरंजीचे शिक्षकही तिचे धडे मागून नेत. त्यामुळे गुळाचे व्यापारी शशिधर यांनी "घर बदलतोय, आमचा पियानो न्हेता का?" असं विचारलं, तेव्हा तिनं पुढचं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं. तालमीतल्या पोरांनी तो जिन्यावरून चढवला, आणि चढवताना त्या इटलीच्या कारागिराचा यथास्थित उद्धार केला.

पुण्याचा ट्यूनर पियानो जुळवायला रविवारी दुपारी चारला येणार होता. स्नेहसंमेलनात पियानो आणि कीबोर्ड एकत्र वाजायचे, तर पियानोचा सूर वर चढवणं भाग होतं. पण हा खाली आला कसा, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं शशिधरना फोन लावला.

"आमचे वडील, अप्पाच जुळवायचे तो," शशिधर म्हणाले. "लंडनचा माल, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातनं लिलावात घेतलेला. जुळवायची किल्ली दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. गेल्या साली वारले, तवापास्नं बंदच हाय."

"आणि वाजवायचं कोण?"

"तेच वाजवायचे. अव्वा, म्हंजे आमची आई, गायची. कानडी वचनं, देवाची गाणी. पेटीवर नव्हं, पियानोवर! सगळी गल्ली हसायची. मजा म्हंजे, अप्पा किल्ली घेऊन बसले की अव्वा नेमकी घराबाहेर. त्यो टणटणाट तिला सोसायचा न्हाई."

"कुठल्या पट्टीत गायच्या?"

"काळी चार," शशिधर लगेच म्हणाले. "लग्नाच्या आधीपास्नं. लई अभिमान हाय तिला त्याचा. तिच्या बरोबरीच्या बायकांचे आवाज उतरले, तिचा न्हाई. मॅडम, एक विचारू? अप्पा गेल्यापास्नं ती गायलीच न्हाई. एकदा घिऊन येऊ का तिला?"

"रविवारी सकाळीच आणा की," संघप्रिया म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं पियानोचं पुढचं फळकूट काढलं आणि आत टॉर्च मारला. तारा ताणणाऱ्या खुंट्यांची टोकं किल्ली बसून बसून गुळगुळीत झाली होती. वयाबरोबर बाईचा आवाज उतरतोच. गाणारे मुकाट्यानं पट्टी बदलतात. इथं पट्टी बदलली नव्हती. बायकोचा आवाज थोडा उतरला की शशिधरच्या अप्पांनी, मल्लाप्पांनी, पियानोच थोडा उतरवला होता, दर वेळी, एकूण एक तार. बायको काळी चारवरच बोट ठेवायला सांगत राहिली आणि त्यांनी काळी चारच तिच्यापर्यंत खाली आणली. संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मागोमाग धडकी भरली. वर्गात ओळीनं कीबोर्ड मांडलेले होते. त्यातल्या एकाची काळी चार चुकून वाजली असती, तरी म्हाताऱ्या बाईचा सगळा अभिमान तिथल्या तिथं संपला असता.

रविवारी सकाळी तिनं मुलांना सुट्टी दिली, सगळ्या कीबोर्डांचे प्लग काढले आणि वरून चादरी टाकल्या.

शशिधरच्या अव्वा, रत्नव्वा, जिना चढून आल्या त्या लेकाच्या खांद्याला धरून. कपाळावर विभूती, अंगावर इरकल साडी. शशिधरना त्यांनी खालीच गाडीपाशी पिटाळलं, "तू हितं थांबलास तर माझं चित्त लागणार न्हाई," म्हणून. पियानोवरून त्यांनी हात फिरवला आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"काळी चार दे, पोरी."

संघप्रियानं दिली. रत्नव्वांनी डोळे मिटले. सुरुवातीला आवाज कापला, मग सा सापडला आणि त्या गायल्या. कानडी शब्द संघप्रियाला कळत नव्हते. ती फक्त पट्टी धरून राहिली. आवाजाला आता जोर नव्हता, पण सूर जिथं ठेवायचा तिथंच ठेवलेला होता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी फुटबॉलच्या मॅचवरून भांडत होतं, त्याचाही त्यांना अडथळा झाला नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"उतरला का गं आवाज?"

"न्हाई आज्जी," संघप्रिया म्हणाली. "काळी चारच हाय की."

रत्नव्वांनी मान डोलावली. मग त्यांची नजर चादरींकडे गेली.

"ते काय झाकलंयास?"

"कीबोर्ड. पोरांचे."

"लाव की एक. बघू."

"बिघडलेत, आज्जी."

"सगळेच?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा पहिल्याच वळणावर सापडतो. तिनं चादर काढली, प्लग लावला. आता काळी चार वाजेल, आणि ती बाईंच्या गळ्यापेक्षा अख्खा सूर वर असेल.

रत्नव्वा उठून जवळ आल्या. त्यांनी पट्ट्यांवरून बोट नेलं. बोट काळी चारवर आलं, तिथं थांबलं नाही. ते अलीकडे, काळी तीनवर आलं आणि दाबलं गेलं. त्यांनी तोंड मिटूनच सा लावला. गळा आणि पट्टी एकात एक मिसळून गेली.

संघप्रिया त्यांच्या बोटाकडे बघत राहिली.

"इथं असतो मी आता," रत्नव्वा म्हणाल्या आणि बोट उचललं. "ह्यांना वाटायचं, मला कळत न्हाई."

त्या परत पियानोपाशी आल्या.

"पोरांना खरा सूर पायजे," त्या म्हणाल्या. "चढवणार असशील न्हवं ह्यो?"

"व्हय. पुण्याचा माणूस येणार हाय. दुपारी चारला." तिला राहवलं नाही. "तुम्ही म्हणत असाल तर न्हाई चढवत, आज्जी. असाच ठेवते."

"नगं. माझ्यापायी ह्या पियानोनं लई वर्सं मान खाली घातली." रत्नव्वांनी पियानोचं झाकण हळूच लावलं. "शशीला हाक मार. गाडी काढ म्हणावं."

"एवढ्यात? चारला अजून लई वेळ हाय. जेवूनच जावा की."

"नगं, पोरी," रत्नव्वा जिन्याकडे वळत म्हणाल्या. "किल्ली फिरायच्या दिवशी मी घरात कधी थांबलो न्हाई."

संघप्रियानं त्यांचा हात धरला आणि खिडकीतून शशिधरना हाक मारली.